भिंतीवरचे लाल ठिपके

प्रकाशाचं व्यतिकरण दाखवायची माझी पद्धत ठरलेली होती. सोडियमचा पिवळा दिवा लावायचा, त्याचा प्रकाश दुभागणारं बायप्रिझम जुळवायचं आणि बारावीच्या पोरांना रांगेनं आयपीसच्या नळीपाशी न्यायचं. एकेकानं वाकून डोळा लावायचा, "दिसले पट्टे, सर" म्हणायचं आणि पुढं सरकायचं. वर्ग मोठा, त्यामुळं दोन तास जायचे. पण प्रत्येकाला दिसतं, याचा मला अभिमान होता.

यंदा आमच्याकडं भौतिकशास्त्राला नवीन मॅडम आल्या. त्यांनी तिन्ही तुकड्या एकदम सभागृहात बसवल्या. खिडकीच्या एका पडद्याच्या कड्या तुटलेल्या, म्हणून अंधार राहावा यासाठी तो धरून मी उभा. मॅडमनी लेझर लावला आणि विचारलं, "एक केस कोण देतं?"

"सरचा नका घेऊ, मॅडम. तिथं अगोदरच टंचाई हाय," मागून आवाज आला. सगळे हसले. मीही हसलो.

एका मुलीनं केस दिला. मॅडमनी तो उभा ताणून लेझरसमोर धरला, तसा भिंतीवरचा लाल ठिपका आडवा पसरला आणि तुटून ठिपक्यांची लांब रांग झाली. सभागृहभर जो आवाज उठला, तसा माझ्या तासाला कधी उठला नव्हता. पडदा सोडून द्यावा, असं मला खरंच वाटलं. हात दुखतो म्हणून सांगता आलं असतं.

नंतर कुरुंद्याची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, त्या नळीत आमाला कधी काई दिसलंच न्हाई. नुसतं पिवळं."

"मग दिसलं काहून म्हणलात?"

"तुमी इतकं जीव लावून दाखवून राहिले होते. न्हाई कसं म्हणावं?"

त्या रात्री मला राग मॅडमचाच आला, पोरांचा नाही. हे बरोबर नव्हतं, तेव्हाही कळत होतं.

पुढच्या महिन्यात पुसेगावकडच्या शाळेची मुलं प्रयोग बघायला आली. मॅडम सहज म्हणाल्या, "सर, आज तुम्ही दाखवा. पडदा मी धरते." मी नको-नको म्हणायलाही थांबलो नाही.

केस ताणला, ठिपके उमटले, मुलांचा तोच आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासाठी होता. मी केस जरा तिरपा केला, तशी ठिपक्यांची रांगही तिरपी झाली, आणि मुलं आणखीच खूश झाली.

त्यांचे शिक्षक जवळ आले. "लई भारी, सर. ही युक्ती तुमचीच का?"

मॅडम पाच पावलांवर पडदा धरून उभ्या होत्या. मी म्हणालो, "आमच्या विभागाची."

खोटं नव्हतं, पण नाव मी गिळलं होतं. मॅडम पडद्याची घडी नीट करत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखा चहा विचारला. मी काम आहे म्हणालो आणि रिकाम्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो.