ड्रायव्हर पाहिजे

हसायचं असेल तर तोंडावर हसा, माझ्या मागे नको! या अटीवरच सांगतो.

नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस. मी धुळ्याचा, नोकरीसाठी जळगावला आलेलो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम. तिथल्या मेहरूण भागात एक खोली, एक खाट, एक कप आणि हौसेने जुळवून घेतलेला एक कॉम्प्युटर. ओळखीचं माणूस? एकही नाही! रविवारी कोणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून मी पेपर मोठ्याने वाचायचो. खरंच सांगतोय.

पुण्याच्या मित्राने लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालवायच्या फुकट प्रणालीची, सीडी पाठवली. टाकली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, झकास! पण चित्रं, खिडक्या दिसाव्यात म्हणून आज्ञा दिली की पडदा व्हायचा राखाडी आणि बरोबर मधोमध एक फुली. बस्स! गणित चुकल्यावर बाई मारायच्या ना, तश्शी!

आता मी काय समजावं? माझं डिस्प्ले कार्ड लिनक्सला चालत नाही. ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, शोधायला हवा.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मित्राला फोन लावला. बूथचं दार लागत नव्हतं, लाइनवर खरखर, त्यामुळे मी ओरडतोय, "अरे, दोन महिने नुसतं पडून आहे! ड्रायव्हरच मिळत नाही!"

बाहेर आलो तर बूथवाले नाना म्हणाले, "सर, ड्रायव्हर पाहिजे?"

मला काय आनंद झाला! जळगावात कोणीतरी मला काहीतरी विचारलं होतं.

"हो ना, नाना. मॉडेल नवीन आहे, चालवणारं कोणी नाही."

"दोंडाईच्याला माझा माणूस आहे. कुठलंही मॉडेल द्या, हातात घेतलं की चालू!"

दोंडाईच्याला लिनक्सवाला? मी थक्क! तरी विचारलं, "अनुभव?"

"तीस वर्षं!"

तीस? तेव्हा लिनक्सचा जन्म तरी झाला होता का? पण तेवढा विचार करतो कोण? कोणीतरी माझ्या खोलीवर येणार होतं! मी खोली झाडली, चादर बदलली आणि दुसरा कप विकत आणला.

रविवारी सकाळी पॅसेंजरने आत्माराम आबा आले. खाकी सदरा, पांढऱ्या भरघोस मिशा. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाडी कोठे शे?"

"कुठली गाडी?"

"तुमनी! जीप, ट्रक, मी बठ्ठ्या गाड्या चालाडेल शे."

माझा चेहरा कसा झाला असेल, तुम्हीच विचार करा! एवढ्या लांबून बोलावलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू? पण सांगितलं. कार्ड, पडदा, फुली, सगळं. पडदा चालू करून दाखवला. "हे बघा आबा, दोन महिने हीच फुली. चूक, चूक, चूक!"

आबा असे हसले की मिशा थरथरल्या. मी घाईघाईने चहा पुढे केला. टेबलावर कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी माउस जरा बाजूला सरकवला.

"सर," आबा म्हणाले, "ती फुली सरकनी ना!"

मी माउस डावीकडे नेला, फुली डावीकडे. उजवीकडे नेला, उजवीकडे. अहो, ती फुली म्हणजे माउसचा बाण होता! कार्ड पहिल्या दिवसापासून ठणठणीत. फक्त त्या पडद्यावर खिडक्या उघडणारा वेगळा प्रोग्रॅम मी सुरूच केला नव्हता. आणि दोन महिन्यांत माउसला हात लावायचं मला सुचलं नव्हतं!

दुपारपर्यंत खिडक्या उघडल्या. आबांना जेवायला थांबवलं, खिचडी टाकली. घाटातल्या गाड्यांच्या गोष्टी सांगत ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसले. ते गेले आणि खोली एवढी शांत झाली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पडद्यावर सगळं चालू होतं. दाखवायला मात्र कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी हाक मारली, "काय सर, झालं ना ड्रायव्हरचं काम?"

सरळ 'हो, झालं' म्हणायचं की नाही? पण मी आपला मान खाली घालून म्हणालो, "माणूस चांगला होता हो, पण टिकला नाही. दुसरा कोणी आहे का ओळखीत?"