कोयनेची रीत, सांगलीचं लॉन

सांगलीत विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत मी कॉलेजचं शेवटचं वर्ष काढलं. हॉस्टेलला माझा नंबर लागला नव्हता. खोलीला भाडं नव्हतं, त्याऐवजी पुढचं लॉन मी सांभाळायचं होतं. मालकीणकाकूंनी विचारलं होतं, "जमेल का गं तुला?" माझे वडील कोयनानगरला कॉलनीच्या विश्रामगृहात माळी आहेत, त्यामुळे मी पटकन हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणायची मला सवय नाही, पण खोली हवी होती.

आमच्या घरात बारावीपुढे कोणी गेलेलं नाही. कॉलेजात काही अडलं तर घरी विचारता येत नाही, ते माझं मलाच निस्तरावं लागतं. लॉनचं मात्र वडिलांना विचारता येत होतं. खरं सांगायचं तर त्याचा मला आनंदच झाला होता.

जानेवारी संपत आला तेव्हा काकूंनी सांगितलं, "पाडव्यानंतरच्या रविवारी आमच्या मुलीचा साखरपुडा लॉनवरच करायचाय. हिरवंगार दिसलं पाहिजे हं." मग म्हणाल्या, "तुला झेपत नसेल तर आत्ताच सांग. मग मला माळी ठेवावा लागेल, आणि त्याला राहायला ही खोलीच द्यावी लागेल."

माझी परीक्षा एप्रिलच्या शेवटी होती. कोयनेहून रोज येऊन-जाऊन ती देणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी मी वडिलांना फोन केला. ते उत्साहाने सांगायला लागले, "आगं, सोपं हाय. शिवरात्रीच्या आदी सगळं गवात मुळापतोर काप. दाताळ्यानं शेवाळ वरबाडून काड. वर बारीक माती पसर आन आठ दिस पाणी बंद. बग कसं उसळून येतंय ते."

सांगलीच्या लॉनवर शेवाळ नव्हतंच. ते ऐकूनच मला शंका यायला हवी होती. पण वडील एवढ्या खात्रीने सांगत होते की मी मधे बोलले नाही. दोन दिवस कॉलेज बुडवून मशीन फिरवलं, कोपरे कात्रीने कापले, माती चाळून पसरली. हाताला फोड आले. मग सांगितल्याप्रमाणे पाणी बंद केलं.

फेब्रुवारीतच ऊन चटके द्यायला लागलं. पाचव्या दिवशी गवताची खुंटं पिवळी पडली, आठव्या दिवशी तपकिरी झाली. खालची काळी माती उलली आणि भेगांत बोट जायला लागलं. मी घाबरून रोज संध्याकाळी पाणी शिंपडायला लागले. ते वरच्या वर सुकायचं. अभ्यासाला बसलं की डोळे मिटायचे आणि उठलं की पुन्हा ते तपकिरी लॉन समोर.

काकू एका सकाळी पायरीवर उभ्या राहिल्या. "अगं, हे लॉन आहे की खळं? आता मळणी करायची का इथे?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "होळीपर्यंत बघते मी. मग मात्र माणूस शोधायला लागेन."

वडिलांना सांगायचं कसं, हे मला दोन दिवस कळेना. शेवटी सांगितलं. शनिवारी दुपारी ते एसटीने आलेच. फाटकातून आत येताच थबकले.

"ह्येचं तर तू मुंडनच केलंस की गं!"

"तुम्हीच सांगितलं होतं, आबा."

"व्हय. मीच सांगितलं हुतं."

त्या दिवशी त्यांनी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मला जाग आली तेव्हा ते चपला काढून लॉनवर हळूहळू चालत होते. कोयनेलाही ते असेच चालतात. तळव्यांना ओल लागली तर त्या दिवशी पाणी द्यायचं नाही, असा त्यांचा हिशेब. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून ते माझ्याजवळ आले. एक पाय उचलून त्यांनी तळव्यावरून हात फिरवला. तळवा कोरडा होता.

"हितं दंव पडत न्हाई व्हय?"

"थंडीत पडतं थोडं. आता नाही."

ते पायरीवर बसले. "आमच्याकडं होळीपतोर गवात दंवावरच जगतंय. म्या कवा त्येचा इचारच केला न्हाई. पाणी मी बंद करतो आन मला वाटतंय मीच सगळं करतो."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. वडील झटकन उठले, हात जोडून म्हणाले, "बाई, चूक माजी हाय. कोयनेची रीत म्या हितं सांगितली. पोरीनं माजं ऐकलं, येवडंच."

ते असे हात जोडून उभे राहिलेले मला बघवेना. मी खाली मातीकडे बघत राहिले. काकूही अवघडल्या. "अहो, बसा. चहा घ्या आधी," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवशी वडिलांनी पहारीने सगळ्या लॉनभर वीतवीतभर अंतरावर भोकं पाडली. मी मागून त्यात वाळू भरत गेले. वर ओली पोती अंथरली. "शिपडायचं न्हाई," ते म्हणाले. "पहाटं एकदाच, पण खोल जाईल येवडं पाणी दे. दुपारी पोती, सांजंला काडायची. आन ह्यापुढं मला इचारायच्या आदी हितल्या मान्साला इचार." हे शेवटचं त्यांनी पोत्याची घडी उलगडताना, माझ्याकडे न बघता सांगितलं.

पुढचा महिना मी पाच वाजता उठले. नळाचा पाइप पलीकडच्या कोपऱ्याला पुरत नव्हता, तिथे बादल्या न्यायच्या. मग कॉलेज. दुपारी घरी येऊन पोती भिजवायची, पुन्हा प्रॅक्टिकलला पळायचं. वर्गात एकदा मी बसल्या बसल्या झोपले. होळीला बारीक हिरवे कोंब दिसले. काकूंनी ते चष्मा लावून बघितले आणि माणूस शोधण्याचं पुन्हा काढलं नाही. पाडव्यापर्यंत लॉन हिरवं झालं, कडेला दोन-तीन टकलं राहिली तरी.

साखरपुड्याच्या आदल्या सकाळी मांडववाला आला आणि त्याने सगळ्या लॉनवर हिरवी मॅट अंथरली. मी त्याला म्हटलं, "अहो, खाली गवत आहे."

"असूदे की ताई. पाव्हण्यांच्या चपलांना चिखल लागतो."

पाहुणे आले, जेवले, गेले. मॅट तिसऱ्या दिवशी उचलली. खालचं गवत पांढरट पिवळं पडून जमिनीला चिकटलं होतं. खुर्च्यांच्या पायांचे खड्डे ओळीने उमटले होते. मी तिथेच बसले. मला रडूही येत नव्हतं, फक्त झोप येत होती.

काकू बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "काय गं ही दशा! परत येईल का?"

"येईल. पण पावसापर्यंत वेळ लागेल."

"मग तोवर तू आहेसच की." त्यांनी ते सहज म्हटलं. "परीक्षा संपली म्हणून लगेच पळू नकोस हं."

मी हो म्हणाले. खोली राहिली होती. त्या आत गेल्यावरही बादली आणायला उठायला मला बराच वेळ लागला.