माझ्या नावाची मूठ

आषाढ सरत आला होता. सकाळी अंघोळ करताना साबणाचा हात डाव्या छातीवरून फिरला आणि काखेच्या बाजूला काहीतरी लागलं. हरभऱ्यापेक्षा मोठं, सुपारीपेक्षा लहान. दुखत नव्हतं. मी हात काढून घेतला, पुन्हा ठेवला, मग उजवीकडेही तसंच काही आहे का ते चाचपून पाहिलं. तिकडे काही नव्हतं. दोन्हीकडे असतं तर किती बरं वाटलं असतं, असा वेडा विचार तेव्हा मनात आला. बादलीतलं पाणी निवून गेलं तरी मी तशीच पाटावर बसून होते. शेवटी बाहेरून ह्यांनी हाक मारली, "आज मला कचेरीत जाऊ द्यायचंय की नाही?" तेव्हा उठले. ह्यांना मात्र काहीच सांगितलं नाही.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. जळगावला मेहरूणमध्ये आम्ही पोरांसकट भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. हे पाटबंधारे खात्यात होते आणि मी घरी शिवणकाम करायची. ब्लाऊजला माझा हात चांगला म्हणून बायका लांबून यायच्या. दिवसभर कोणा ना कोणाच्या छातीभोवती माझी टेप असायची, आणि त्या दिवसापासून टेप गुंडाळताना प्रत्येक बाईकडे बघून मनात येई, हिला नाही, मग मलाच का? एकीच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाह्या उजव्याच लावून ठेवल्या. ती हसली, मीही हसले, आणि ती गेल्यावर मशीनवर डोकं टेकून बसून राहिले. धुळ्याची माझी मावशी याच दुखण्याने गेली होती. तिनेही लपवलं होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत खोलीत शिरताना वास येऊ नये म्हणून लावलेल्या उदबत्त्या मला आठवायच्या. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. वैऱ्याला एवढी फुरसत कुठली?

देवावर माझी श्रद्धा होती, पण ती देवाणघेवाणीची. गाठ लागल्यापासून आठवेल त्या देवाला मी नवस बोलत सुटले. एकवीरेला साडी, सप्तशृंगीला पायी दर्शन, मारुतीला शनिवार. रोज सकाळी गाठ विरघळली का ते बघायचं आणि ती तिथेच असली की नवस वाढवायचा. आपण कोणाशी बोलतोय, याचं भानच नव्हतं.

मग डॉक्टरकडे का गेले नाही? त्याचं कारण खानदेशाबाहेरच्या माणसाला कदाचित पटणार नाही. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून तिला चौरंगावर बसवतात, सगळी भावकी एका घरी जमते, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचे जे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, ते भावकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. सासूबाई गेल्या त्या वर्षी आमची कानबाई बसवायची राहिली. पुढच्या वर्षी भावकीत सुतक आलं, आणि मग ती राहतच गेली. मीच सगळ्यांच्या मागे लागून या श्रावणात अमळनेरजवळच्या आमच्या गावी, आमच्याच घरात ती पुन्हा बसवायचं ठरवलं होतं. अशात घरात दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, की रोट होत नाहीत, अशी माझी समजूत. कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. आणि आत खोल कुठेतरी वाटत होतं, की हिचं सगळं न चुकता, बिनचूक केलं तर ही माझी गाठ घेऊन जाईल. कानबाई उठली की बघू, असं म्हणत मी गप्प राहिले. त्यानंतर पोळा आला असता, गणपती आले असते, दिवाळी आली असती. बाईमाणसाला बघू म्हणायला सण कमी नाहीत.

कानबाईसाठी आम्ही गावी गेलो आणि शनिवारी दुपारी रोटाचं दळण बसलं. हे पीठ गिरणीचं चालत नाही, घरच्या जात्यावरच दळावं लागतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घ्यायचे, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ असते. त्या मुठी टाकून झाल्या होत्या. जात्याच्या एका बाजूला मी आणि समोर अक्का. अक्का म्हणजे ह्यांची चुलती. लवकर विधवा झालेली, शेतात राबून रापलेली, तोंडाने तिखट. तिच्या समोर बसायला आम्ही सगळ्या सुना जरा बिचकायचोच. एका खुंट्याला दोघींचे हात, त्यामुळे एकीचा हात सुटला की दुसरीला लगेच कळतं.

"सूनबाई, तुना हात घडी घडी पदरमा काबर जास वं?" अक्काने विचारलं.

"काही नाही अक्का, घाम आलाय."

"घाम एकच जागाले येस का?"

मी मान वर केली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या एका प्रश्नाने बाहेर आलं. गाठ, मावशी, नवस, रोट थांबतील ही भीती, काय बोलत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. अक्काने जातं थांबवलं. रोटाचं दळण मध्येच थांबवत नाहीत, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. तिने पिठाचा हात लुगड्याला पुसला, जवळ सरकली आणि मी दाखवलं तिथे बोटं ठेवली. माझ्याखेरीज त्या जागी लागलेला तो पहिला हात. मी ढसाढसा रडले. आजवर त्या गाठीला मी एकटीच होते.

"आनि तुले वाटस, तू दवाखानामा गयी म्हनजे कानबाई रागाई जाई?" अक्का म्हणाली. "ती माय शे. सासू नही."

मग ती उठली, कणगीतून एक मूठ गहू घेऊन आली आणि जात्याच्या तोंडात टाकली. "हाई मूठ तुना नावनी."

"अक्का, बाईच्या नावाची मूठ असते का कुठे?"

"नव्हती. आते शे. ओढ जातं."

मी जातं ओढलं. माझ्या नावाचे गहू सगळ्यांच्या गव्हांत मिसळून पीठ झाले. आमच्या घरात तेव्हापासून बायकांच्याही मुठी पडतात. दळण वाढलं म्हणून दळणाऱ्या कुरकुरतात, पण टाकतात. दळता दळता अक्काने पुढचंही ठरवून टाकलं. "सोमवारे माय नदीवर गयी, का तू सिधी धुळाना दवाखानामा जाशी. मी येस तुनासंगे." मी म्हटलं, विसर्जन झाल्यावर रोट संपेपर्यंत घरची बाई गाव सोडत नाही. त्यावर ती म्हणाली, "रोट खावाले बठ्ठी भावकी शे. तुनाबिगर काय उपाशी ऱ्हातीन का?"

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर तिची नथ हलत होती, बायका गाणी म्हणत होत्या, आणि मी पुढे बसून होते. मागायला घेतलं की शब्द तेच ते यायचे, घासून घासून बोथट झालेले. सोमवारी सकाळी बोरी नदीवर तिला पोचवलं. काठावरच मी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. "आधी का नाही बोललीस?" एवढंच म्हणाले, आणि सगळ्या गावासमोर माझा हात धरून चालायला लागले. आमच्या गावात तेव्हा अशी पद्धत नव्हती. लुगड्याचा काठ अजून ओला असलेली अक्का आमच्या मागोमाग एसटीत चढली. जन्मात तिने कानबाईचा रोट चुकवला नव्हता. त्या वर्षी तिने तो तोंडात घातला नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "ताई, हात लावून मला नक्की सांगता येणार नाही. छोटा तुकडा काढून तपासायला बाहेरगावी पाठवावा लागेल. तोवर थांबावं लागेल." तुकडा काढला आणि आम्ही मेहरूणला परतलो. अक्काही आली. शहरात राहायची तिची ती पहिलीच वेळ.

गाठ सापडणं परवडलं, पण ते थांबणं नको असं मला झालं. हे रोज म्हणायचे, "काही निघणार नाही, बघशील तू." शेजारणी म्हणायच्या, "देव पाठीशी आहे, काही होत नाही." मला वाटे, यांना कसं ठाऊक? एकदा मी अक्काला विचारलं, "अक्का, काय निघेल गं?" ती म्हणाली, "माले काय माहीत, माय." आणि माझ्यापुढे निवडायला मेथी टाकली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! जे कोणालाच ठाऊक नव्हतं ते मलाही ठाऊक नसलं तरी चालेल, असं पहिल्यांदाच वाटलं. सकाळी आम्ही दोघी तलावापर्यंत चालत जायचो. दुपारी ती मला जुनी लुगडी काढून गोधडीला बसवायची. मी म्हटलं, "अक्का, एवढे नवस बोलले, देवी काहीच सांगत नाही." ती टाका घालता घालता म्हणाली, "ती काय सांगस? ती ऐकस."

त्याच सुमारास गावाहून ह्यांचा पुतण्या निरोप घेऊन आला, रोट व्यवस्थित झाले, कोणाचं काही अडलं नाही. खोटं कशाला सांगू, मला थोडं लागलंच. माझ्यावाचून देवीचं काहीच अडलं नाही? नैवेद्याची गंगाफळाची, लाल भोपळ्याची, भाजीसुद्धा यंदा छान झाली होती म्हणे! पण दिवस कलेपर्यंत त्या लागण्याचंच हायसं वाटायला लागलं. एवढा मोठा संसार ती माझ्या हाताशिवाय चालवते, तर माझ्या शरीराचंही ती बघेल. मी उगाच दोघींचा भार एकटी वाहत होते.

एका दुपारी मी देवघरापुढे बसले. सवयीने नवस बोलायला लागले, आणि अर्ध्यातच थांबले. देण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "आई, गाठ वाईट असेल तर असू दे. तू मात्र जाऊ नकोस." त्या वेळी माझ्या अगदी शेजारी कोणीतरी येऊन टेकल्यासारखं वाटलं. अंगाला ऊब लागली. अक्का असेल म्हणून बघितलं, तर ती ओट्यावर धुणं वाळत घालत होती. मी कोणाला पटवायला जात नाही. मला जे वाटलं ते असं वाटलं. मी तिथेच जमिनीवर आडवी झाले आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

तपासणीत गाठ वाईट निघाली. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की छाती काढावी लागेल, पण पसरलेलं दिसत नाही. "वेळेवर आलात. दिवाळीनंतर आला असतात, तर मला वेगळं बोलावं लागलं असतं." ह्यांनी तोंड फिरवलं. मला रडू आलं, भीतीही वाटली, पण जी एकटेपणाची भीती अंघोळीच्या पाटावर बसली होती, ती मला सापडेना. ऑपरेशनला आत नेताना मी काहीच मागितलं नाही.

पट्टी सुटली तेव्हा मला खाली बघवेना. अक्कानेच कोमट पाण्याने पुसलं, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "टाका चांगला शे. तुनापेक्षा त्या डाक्टरबाईना हात साफ शे." शिवणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा टोमणा नाही. मला हसू फुटलं, टाके ओढले गेले, आणि हसता हसताच मी खाली पाहिलं. पुढे मी डाव्या बाजूला पिंजलेला कापूस भरून स्वतःसाठी ब्लाऊज शिवला. हळूहळू, कुठून कळलं कोण जाणे, इतर बायकाही दुपारच्या वेळी दार लोटून घेऊन तसा ब्लाऊज मागायला येऊ लागल्या. त्यांचे टाके मी डोळ्यांत तेल घालून घालते.

अक्का त्यानंतर बरीच वर्षं जगली आणि शेतातून येऊन खाटेवर टेकल्या टेकल्या गेली. तिने मला समर्पण वगैरे शब्द कधी सांगितले नाहीत. तो शब्द तिला माहीत असेल असंही वाटत नाही. मला मात्र तो आता तिच्याच रूपात दिसतो. कोणी धीर सोडलेलं दिसलं की हातातलं काम थांबवायचं, जवळ सरकायचं, आणि काय होईल ते माहीत नसतानाही बरोबर निघायचं. देवी माझ्याकडे आली असेल तर ती अशीच, पिठाचा हात पुसत आली.

ऑपरेशननंतरच्या श्रावणात मी गावी कानबाईपुढे उभी राहिले. वाटेत एसटीतच ठरवलं होतं, की आता पोरांचं मागायचं, ह्यांच्या बढतीचं मागायचं, दुखणं परत येऊ नये म्हणून मागायचं. हात जोडले, डोळे मिटले, आणि मागायचं काहीच आठवेना. मी नुसती उभी होते आणि पोटातून भरून येत होतं. मागे ओवाळायला आलेल्या बायका खोळंबल्या होत्या. शेवटी धाकटी जाऊ वैतागून म्हणाली, "वहिनी, किती मागशात? आम्हाले बी काही ऱ्हाऊ द्या!"

मी डोळे पुसले आणि तिला पुढे जायला जागा करून दिली.