उत्तरेच्या खिडकीखालचा दगड

आधी माफी मागतो. माझ्यासारख्याने लिहावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लेख कसा सुरू करतात आणि कुठे थांबवतात, हे मला नीट ठाऊक नाही. इथे लातूरच्या कॉलेजात सरांनी वार्षिक अंकासाठी ‘माझ्या गावातील जुनी वास्तू’ असा विषय दिला. कुणी बारव निवडली, कुणी गढी. मी आमची शाळा निवडली — जी आता नाही. ती का नाही, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

माझं नाव याआधी एकदाच टाइप होऊन कागदावर आलं होतं. त्या कागदाबद्दलच लिहायचं आहे. पण तिथपर्यंत पोचायला मला थोडा वेळ द्या.

आमचं गाव उदगीरपासून एस.टी.ने तासाभरावर. शाळा निजामाच्या राज्यात बांधलेली. म्हातारी माणसं तिला शेवटपर्यंत मदरसाच म्हणत. काळा घडीव दगड, चुन्याचं काम, पुढे तीन कमानी, वर सागवानी तुळया. चैत्रात बाहेर उभं राहवत नसे, आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. घंटा म्हणून लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. मी तिथे चौथीपर्यंत शिकलो — आत बसून. ‘आत बसून’ हे मुद्दाम लिहिलं. कारण माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्याच शाळेत बाहेर बसून शिकले.

उत्तरेच्या खिडकीखाली जोत्याचा एक लांब दगड पुढे आलेला होता. आमच्या वस्तीतल्या पोरांची जागा ती. आज आम्ही बौद्ध आहोत. तेव्हा गाव आम्हाला जे म्हणायचं ते इथे लिहीत नाही. मास्तरांचा आवाज खिडकीतून बाहेर यायचा. पाटी नव्हती, म्हणून दादा दगडावरच चुन्याच्या खड्याने अक्षर काढायचे, तळव्याने पुसायचे, पुन्हा काढायचे. त्यांच्या आधीच्या पोरांनीही तेच केलं असणार, कारण त्या दगडाला एका जागी खळगा पडला होता — उथळ, गुळगुळीत, तळवा बसेल एवढा. मी पहिलीत गेलो त्या दिवशी दादांनी माझा हात धरून त्या खळग्यावर ठेवला. “हितं शिकलो म्या,” म्हणाले. रागाने नाही. कुणी आपलं शेत दाखवावं, तसं.

दोन वर्षं ते तिथे बसले. तेवढ्यावर त्यांना वाचता येऊ लागलं. भज्यांचा कागद, औषधाची बाटली, तिकिटाची मागची बाजू — दादा सगळं वाचतात. वस्तीत कुणाला तहसीलचा कागद आला की तो आमच्या दारात येतो. दादा उभे राहून, मोठ्याने, वरपासून खालपर्यंत वाचून दाखवतात. एक शब्द गाळत नाहीत. हा अंकही ते वाचतील.

मी उदगीरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नव्या जिल्ह्यातल्या जुन्या इमारतींची यादी करायची म्हणून कचेरीकडून कॉलेजात छापील तक्ते आले. इतिहासाच्या सरांनी ते खेड्यांतल्या मुलांना वाटले. म्हणाले, जो चांगलं लिहील त्याच्याकडून वर्गात वाचून घेऊ, आणि सगळ्यात चांगल्या इमारतीला वर्गाची सहल नेऊ.

मी तक्ता घेऊन गावी गेलो. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. दादा रोजगार हमीवर, पाझर तलावाच्या कामाला होते. संध्याकाळी भुवयांपर्यंत माती घेऊन आले. हात धुतले, तक्ता वाचला, आणि ‘ऐतिहासिक महत्त्व’ या रकान्यावर बोट ठेवलं.

“हितं माह्या दगडाचं लिव. आमी भाइर बसलो, हे लिव. कमानी-बिमानी काय, तुह्या सरला दिसतेतच. लिवशील ना?”

“हाव,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला कळलं होतं. “दगड निघाला म्हना जिल्ह्याला,” लोक दादांना म्हणत होते, आणि दादा हसत होते. दुष्काळात तेवढं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

उदगीरला माझ्या खोलीत सुधीर होता, एका हेडमास्तरांचा मुलगा. रविवारी त्याच्या घरून डबा यायचा आणि आम्ही एका ताटात जेवायचो. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. त्याने कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. हे आज सुचलेलं नाही — तेव्हाही मला तसंच वाटत होतं. मग मी असं का केलं? याचं उत्तर मी पाच वर्षं शोधतो आहे, आणि दर वेळी एकच शब्द सापडतो. भित्रेपणा.

तक्ता भरायला बसलो. आधी कमानींबद्दल लिहिलं, चुन्याबद्दल लिहिलं. मग डोळ्यांपुढे सहल आली. सगळा वर्ग आमच्या शाळेपुढे उभा आहे, सुधीर खिडकीपाशी आहे, आणि गावातला कुणीतरी कौतुकानेच सांगतो आहे — हितं ह्यांची मान्सं बसायची. ह्यांची म्हणजे माझ्याकडे बोट.

मी ते सगळं खोडलं. सरांकडून दुसरा तक्ता मागून आणला आणि त्यात लिहिलं — ‘ऐतिहासिक महत्त्व : काही नाही. इमारत मोडकळीस आली असून मुलांच्या जिवाला धोका आहे.’

दुसरं वाक्य कुणी विचारलंही नव्हतं. त्या भिंतींना एक चीर नव्हती. पण नुसतं ‘काही नाही’ लिहिलं तर कुणी बघायला येईल, अशी मला भीती वाटली. म्हणून धोका लिहिला.

आणि हे एवढंच नाही. पुढच्या सुट्टीत दादांनी विचारलं, “लिवलं का?” मी म्हणालो, लिहिलं. “दगडाचं?” दगडाचंही लिहिलं. “काय लिवलं, सांग बरं.” मी तिथल्या तिथे वाक्यं रचली. खळगा, चुन्याचा खडा, बाहेर बसलेली पोरं — सगळं सांगितलं, आणि ते चांगलं जमलं. दादांनी शेजारच्यांना हाक मारली आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं.

काही महिन्यांनी सरांनी मला बोलावलं. खुशीत होते. “तुझी माहिती उपयोगी पडली बघ,” म्हणत त्यांनी कचेरीकडून आलेली नक्कल पुढे केली. सदर शाळा इमारतीस महत्त्व नाही, ती धोकादायक आहे. सबब उतरवून तिचा दगड तलावाच्या पिचिंगसाठी, म्हणजे बांधाला लावण्यासाठी वापरावा. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. खाली गोल शिक्का. डाव्या बाजूला ‘माहिती देणार’, आणि माझं नाव. पूर्ण नाव — आधी मी, मग दादांचं नाव, मग आडनाव.

नोटीस गावात शाळेच्या दारावर लावली आहे, असंही सर म्हणाले.

पंधरा दिवस होते. एक अर्ज लिहायला किती वेळ लागतो? मी गावी गेलो नाही. परीक्षा आहे असं पत्राने कळवलं. महिन्याभराने दादांचं कार्ड आलं, त्यांच्या गोल, सुट्या अक्षरात — ‘शाळा उतरवली. दगड चांगला निघाला. तलावाला लागला. मी पिचिंगलाच होतो. पाऊस नाही. इकडची काळजी करू नये. अभ्यास करावा.’

मी स्वतःला सांगितलं की दादांनी नोटीस वाचली नसेल. ते दिवसभर तलावावर. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. भज्यांचा कागद न सोडणारा माणूस शाळेच्या दारावरचा कागद सोडेल? पण मी तसंच धरून चाललो, कारण दादांनी कधी एक शब्द विचारला नाही.

तेव्हापासून कुठेही गुळगुळीत दगड दिसला की माझा हात आपोआप तिकडे जातो. स्टँडवरचा बाक, किल्ल्याची पायरी. एका मे महिन्यात मी तलावाच्या बांधावर गेलो. तळ्यात पाणी नव्हतंच. एकेका दगडावरून तळवा फिरवत मी अर्धा बांध चाललो. मागे दादा कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

“काय हुडकून राहिलास?”

“काही नाही.”

त्यांनी दगडांकडे पाहिलं. मग म्हणाले, “ऊन लागंल. चल.”

आता शेवटचं. गेल्या महिन्यात लातूरहून गावी जाताना उदगीरच्या स्टँडवर आमच्या वस्तीतल्या धोंडाबाई काकू भेटल्या. “काय रं लातूरकर, वळख देतूस का साहेब झालास?” म्हणून त्यांनी माझा कान धरला. मग गावचं निघालं. नव्या शाळेचे पत्रे तापतात, पोरं लिंबाखाली बसवतात, असं म्हणाल्या. “आता समदेच भाइर,” म्हणून हसल्या. आणि हसता हसता बोलून गेल्या —

“तू येवढं लिवलंस रं, पर त्या मुडद्यायनी वाचलंच नसंल. नोटीस लागली तवा आमी तुह्या दादाला तलावावरून बोलावून आनलं, वाचा म्हनलं. त्यायनी हरकतीपतुर वाचलं. आमी समदे म्हनलो, भावजी, हरकत लावू, कचेरीतून पोराचा कागद काढायला लावू, त्यात समदं लिवलंय. तर कागदाच्या खालच्या बाजूलाच बघत ऱ्हायले. मंग म्हनले, ऱ्हाऊ द्या. म्या म्हनलं, अवो, खाली आनिक कायतरी हाय की. तर म्हनले, काय न्हाई, खाली नुस्त्या सह्या हायेत.”

काकूंची गाडी लागली. त्या गेल्या.

मी तो कागद पाहिला होता. त्याच्याखाली एकही सही नव्हती.