चाकाला हात न लावणारी कारागीर

कल्याणच्या एका कुंभारवाड्यात आमच्या संस्थेने कारागीर महिलांसाठी मनःस्वास्थ्याचं शिबिर घेतलेलं. पत्रक मीच लिहिलेलं: ‘बाई, मन मोकळं कर.’ पहिल्या दोन रांगांत पुरुष बसले. ज्यांनी मन मोकळं करायचं, त्या मागे चहा गाळत होत्या. घोडबंदर रोडवरून आलेल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा, दीर्घ श्वास घ्या.

“काढू की. कुठून काढायचा तेवढं सांगा,” मागून एक काकू म्हणाल्या.

या काकूंना झोप लागत नव्हती, बसल्या जागी छातीत धडधडायचं. तीस वर्षं माती चाळायची, खडे वेचायचे, पायांनी तुडवायची, हे सगळं त्यांनी केलं. चाकावर मात्र त्यांचा नवरा, म्हणजे काका. बाईने चाकाला हात लावायचा नाही, हा रिवाज. म्हणजे चाकावर बसेल तो कुंभार, बाकी सगळी मदत. काकूंना कारागिराचं सरकारी ओळखपत्र हवं होतं, स्वतःच्या नावाचं.

अर्ज भरायला मी बसले. “काम काय करता, काकू?”

“ती काम नाही करत. मला मदत करते,” काका म्हणाले.

आणि बाईच्या श्रमांवर चार पत्रकं काढलेली मी, ‘मदतनीस’ लिहून मोकळी झाले.

ठाण्याहून तपासणीला साहेब आले. “मदतनिसाला कार्ड मिळत नाही. चाक चालवता येतं का, बाई?”

काकू चाकाकडे वळल्याच नाहीत. “अहो, तुडवलेली माती संपलीय. आज तुम्हीच करा,” असं काकांना म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

साहेबांसमोर नाही कसं म्हणणार? काकांनी माती तुडवली, चाकावर घेतली. पहिलं मडकं गळ्यापर्यंत येऊन खाली बसलं. दुसरं खड्याने फाटलं.

“खडे काढले नव्हते?” साहेबांनी विचारलं.

“ते हिचं काम,” काका म्हणाले.

“काम?” ओट्यावरून काकू म्हणाल्या.

साहेब हसले, आणि नियमावर बोट ठेवून अर्ज नाकारून गेले. दुसऱ्या दिवसापासून काकू मातीत उतरल्या नाहीत. चौथ्या दिवशी काका माझ्याकडे आले. “पोरी, नवा अर्ज आण. या वेळी तिलाच विचार.”

विचारलं. “कुंभार लिही,” काकू म्हणाल्या.

तो अर्ज ठाण्यात पडून आहे. कार्ड येईपर्यंत माती काका तुडवतात, काकू ओट्यावरून चुका काढतात. झोप लागते का, विचारलं.

“लागते. दुपारचीपण.”