बाबांना वळणं सांगायची राहिली

गाव सोडलं त्या सकाळी माझी माय अंगण सारवत होती. टेम्पो भरून उभे होते, खाणीची मशीनं वेशीबाहेर थांबली होती आणि ती गुडघ्यांवर बसून कोपऱ्यापर्यंत शेणाचा हात फिरवत होती. आपल्या गावाच्या या ग्रुपवरच्या तुमच्यापैकीच कुणीतरी टेम्पोतून म्हणालं, "काऊन सारवून राह्यली व, आता त्याच्यावर मशीनच फिरनार हाये." तिनं वर पाहिलं नाही. काम पुरं केलं, हात धुतले आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

बाबा टेम्पोत बसले नाहीत. त्यांना गाडी लागायची हे सगळ्या गावाला माहीत होतं. चंद्रपूरला एसटीनं जायचं म्हटलं की ते आदल्या दिवसापासून जेवायचे नाहीत. पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. ते देवघरासमोर उभे राहून घरातल्या पितरांना म्हणाले, "चला जी, आपल्याले आता तिकडं राहा लागते." मग चुलीतली मूठभर राख फडक्यात बांधून ते पायी निघाले. पितर गाडीत बसत नाहीत, माणसाच्या मागं चालतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक वळणावर ते थांबायचे आणि मागं वळून मोठ्यानं सांगायचे, "इथून डाव्या हाताले वळा. आता नाला लागते, सांभाळून." मी मोटारसायकल हळूहळू त्यांच्यामागं चालवत होतो. रस्त्यावरचे लोक बघत होते. मला लाज वाटत होती, हेही लिहून टाकतो.

कारण खाणवाल्यांनी गावाच्या बदल्यात दिलेल्या त्या कॉलनीत जायला बाबांना तयार करणारा मीच होतो. ते शेवटपर्यंत नको म्हणत होते. तिथं सिमेंटचं घर आहे, दारात नळ आहे, दवाखाना जवळ आहे, सगळं मीच रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून सांगायचो. धाकटा भाऊ सुधाकर यात पडायचा नाही. एके दिवशी बाबा म्हणाले, "तू म्हनतं तं चाल." ते पटलं म्हणून म्हणाले की थकले म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि मग मीच तिथं राहू शकलो नाही. एकाला एक लागलेल्या भिंती, सगळ्या दारांना एकच हिरवा रंग. पहिल्याच उन्हाळ्यात मी बाहेर पडलो. लग्न मी केलेलं नव्हतं. भामरागड, एटापल्लीकडच्या गावांमध्ये पिण्याच्या पाण्याचे सोलर पंप दुरुस्त करायचं काम मिळालं होतं. एका शाळेनं मोडीत काढलेली मिनी बस घेतली, सीटा काढल्या, फळ्यांची खाट ठोकली, मागं पाण्याची टाकी, वर पॅनल, दाराजवळ शेगडी. काम असेपर्यंत राहू असं म्हणत म्हणत त्या गाडीतच राहायला लागलो आणि अजून तिथंच राहतो. माझ्या वाट्याची खोली सुधाकरच्या घरात मिळवून टाकली. बाबांना दिलेलं घर बाबांसाठी ठेवलं आणि मी चाकांवर गेलो. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

सुधाकरची मुलगी पुण्यात शिकते. ती मला परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाठवते. ते हौसेनं घर केलेल्या गाडीत, आरव्हीत, राहतात, खिडकीला पडदे लावतात, समुद्राकडं तोंड करून चहा पितात. "काका, तुम्ही तर यांच्या आधीपासून आरव्हीत राहता," असं तिनं लिहिलं होतं. तिला काय सांगू? इथं मार्चमध्ये गाडी मोहाच्या झाडाखाली लावली तर पहाटे टोपल्या घेऊन आलेल्या बाया शिव्या देतात, कारण त्यांची फुलं टायरखाली गेलेली असतात. उंदीर वायरी खातात. पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो. आधार कार्डावर पत्ता सुधाकरचा, गॅस सुधाकरच्या नावावर, आणि मी कुणाच्या तरी परवानगीनं कुणाच्या तरी शाळेमागं उभा. तरी सांगतो, त्या हिरव्या दाराआड लागायची त्यापेक्षा मला गाडीत चांगली झोप लागते.

कॉलनीत गेल्यावर बाबा फार जगले नाहीत. मी गावोगावी असायचो, महिन्यातून एखादी चक्कर व्हायची. ते ओट्यावर बसून खाणीकडं बघत. आपल्या गावाच्या जागी आता खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर आहे, तो ओट्यावरून दिसतो. पावसाळ्यात त्यावर गवत उगवलं तेव्हा ते म्हणाले होते, "ढोरं असती तं चारली असती." ते गेले तेव्हा मी कॉलनीत होतो, एवढं तरी झालं.

पुढं जे लिहायचं आहे ते त्यानंतरच्या पहिल्या अकितीचं. अक्षय तृतीयेला आपल्याकडं घागर भरतात, पत्रावळीवर पान वाढतात, निखाऱ्यावर घास टाकतात आणि गेलेल्याला नावानं हाक मारून घरात घेतात. पहिल्या अकितीला थोरल्यानं हाक मारायची असते. त्या हाकेनं माणूस पितरांत मिळतो आणि हाक मारली ते घर त्याचं होतं. मग दिवस मावळेपर्यंत घागर जागची हलवायची नाही. हे तुम्हाला सांगायला नको, पण तुमची मुलं वाचत असतील म्हणून लिहितो.

सुधाकरनं आठवडाभर आधीपासून फोन केले. भाऊ, ये. मी म्हणालो, इथं काम आहे. काम होतंच, उन्हाळ्यात पंप बंद पडला की गाव कोरडं पडतं. पण एक दिवस काढता आला असता. खरी गोष्ट ही की बाबांना त्या घरात हाक मारायची माझी हिंमत नव्हती. जिवंतपणी मी त्यांना तिथं नेलं होतंच, मेल्यावर पुन्हा मीच तिथं बोलवू? म्हणून मी ठरवलं, माझं घर ही गाडी आहे, इथंच हाक मारीन, आणि मायला तसं कळवलं.

भामरागडला नद्यांचा संगम आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, खडक आणि वाळू उघडी पडते. काठावर गाडी लावली, आतला पत्रा धुतला, तांदळावर घागर ठेवली, वर आंबा. वरणभात, चिंचवणी, जमेल तसं पान वाढलं. बाहेर गोवरीचा विस्तव केला, त्यावर तूप आणि घास टाकला आणि दारात उभा राहून बाबांना नावानं हाक मारली. वारा अजिबात नव्हता, तरी निखारा एकदम फुलला. मला वाटलं, आले.

दुपारी फोन आला. पलीकडच्या एका गावात पंप बंद, आश्रमशाळेतही पाणी नाही. मी थांबायला हवं होतं, किंवा कुणाची तरी गाडी घेऊन जायला हवं होतं. ते मला सुचलंच नाही. घागर दोन पोत्यांच्या मध्ये दाबून बसवली आणि निघालो. पहिल्याच वळणावर ती आडवी झाली आणि सगळं पाणी पत्र्यावरून दारातून खाली गेलं. मी गाडी थांबवली आणि ओल्या पत्र्याकडं बघत बसलो. तेव्हा लक्षात आलं की बाबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. निघतो म्हणून नाही, डावीकडं वळा म्हणून नाही. काठावर हाक मारून बोलावलं आणि न सांगता निघून आलो.

संध्याकाळी मायचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, "बाप आला का रे?"

मी म्हणालो, "आले."

त्यानंतर गाडीत मला नीट राहता आलं नाही. बाबा आत आहेत असं वाटलं तर त्यांना गाडी लागत असेल, हे मनात यायचं आणि मी खड्ड्यांतून बैलगाडीसारखी गाडी चालवायचो. ते आत नाहीत असं वाटलं तर ते त्या काठावर उभे दिसायचे. भोवती माडिया बोलणारं गाव, ओळखीचं कुणी नाही, डोक्यावर टॉवेल धरलेला. शेतात ऊन लागलं की ते असाच टॉवेल धरायचे. मी आरशात बघायचो. मागं खाट असायची आणि खाटेवर माझीच चादर. पुढंपुढं मी वळणावर बोलायला लागलो, "बाबा, इथून उजवीकडं." एकदा मागं एक आशाताई बसलेल्या होत्या, त्यांना पुढच्या गावी सोडायचं होतं. त्या हसल्या. "मले सांगून राह्यले का जी? रस्ता मले तुमच्यापेक्षा माहीत हाये." मीही हसलो. त्या उतरून गेल्यावर मात्र मी बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

दिवाळीला कॉलनीत गेलो तेव्हा माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि खडे बाजूला टाकत होती. संपल्यावर म्हणाली, "तुले पंप समजते. बाप नाई समजला." मग सूप बाजूला ठेवलं. "मले घेऊन चाल तिथी."

सुधाकर नको म्हणाला. तिचे गुडघे, थंडी, एवढा लांबचा रस्ता. तिनं सुनेकडून शिदोरी बांधून घेतली, तळलेले झिंगे वेगळे बांधले आणि गाडीत चढली. माझं घर ती पहिल्यांदाच बघत होती. शेगडीवर बोट फिरवून पाहिलं, टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "हे घर होय का डबा?" म्हणाली. आष्टीच्या पुढं मला गाडी थांबवायला लावून तिनं शेगडी घासली आणि आलापल्लीपर्यंत चादरीच्या घड्या केल्या.

संगमावर मी तिला हात धरून खडकापर्यंत नेलं. तिनं पळसाच्या पानावर भात आणि झिंगे ठेवले आणि मला म्हणाली, तू जा तिकडं. मी गाडीपाशी उभा राहिलो. ती बोलत होती आणि मधूनमधून ऐकू येत होतं. नळाला एक दिवसाआड पाणी येते. नात पुण्याले गेली, केस कापले तिनं. उजवा गुडघा आता वाकत नाई. पोरगं तुमचं बावळट हाये, त्याच्यावर रागावू नका. घरी बाबांशी ती जशी बोलायची तसंच, मध्ये थोडी थांबून, उत्तर ऐकल्यासारखी. शेवटी ती उठली आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "येता का जी? येत असान तं चला, रस्ता मी सांगीन."

गाडीत बसल्यावर मी निघालो आणि पहिल्या वळणाची वाट बघत राहिलो. वळण आलं. ती काही बोलली नाही. दुसरं आलं, तिसरं आलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. आलापल्लीच्या फाट्याला मला राहवलं नाही. मी म्हणालो, "माय, वळण सांग ना."

"कोनाले सांगू? तो नाई आला."

मी गाडी कडेला घेतली. परत फिरू का, असं विचारलं.

"काऊन? बसला हाये तिथी. पानी पाहून राह्यला. त्याले ते कॉलनी कधी आवडली नाई, तूच लय समजावलं होतं." हे ती रागानं म्हणाली नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. मग म्हणाली, "आता राहू दे त्याले. मले मात्र कॉलनीतच बलावजो. माह्यी नातवंडं तिथी हायेत, मले जंगलात करमत नाई."

मी म्हणालो, "मग तुम्ही दोघं वेगवेगळे?"

"जिता होता तं रोज भांडलो. आता दोघं दोन गावी." तिनं पदर डोक्यावर घेतला. "तू हाये ना येनं-जानं कराले. चाल, थंडी वाजून राह्यली."

तुम्ही ग्रुपवर आपल्या गावाचे जुने फोटो टाकता. विहीर, मारुतीचा पार, शाळेतलं झेंडावंदन. मी ते बघतो पण त्याखाली काही लिहीत नाही. माझी आता दोन घरं आहेत. एकात माय आहे, अजून तांदूळ निवडते आहे, आणि दुसरं संगमावर आहे, त्याला दार नाही, भिंत नाही. मी दोन्हीकडच्या गोष्टी दोन्हीकडं सांगतो. बाबा तिथं आहेत का, हे मला अजूनही खात्रीनं माहीत नाही. कधी कधी गाडीत मागं कुणीतरी कुशीवर वळल्यासारखं वाटतं आणि मी वेग कमी करतो. पण गाडीतलं राहणं म्हणजे कुठंच नसणं, असं आता वाटत नाही. दोन टोकांना आपलं कुणी असलं की मधल्या रस्त्यालाही घर म्हणता येतं, एवढं मला कळलं आहे. ते आधी कळलं असतं तर बाबांना मी त्या हिरव्या दाराआड नेलं असतं का, हा प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहणार.

यंदाच्या पावसाळ्यात भामरागडच्या अलीकडच्या नाल्याला पूर आला आणि रस्ता बंद झाला. अलीकडं रांग लागली होती. एसटी, दोन ट्रक, मोटारसायकली आणि माझी गाडी. पाणी उतरायची वाट बघत आम्ही सगळे एका टपरीच्या बाकड्यावर बसलो होतो. कुणाची बायको माहेरून यायची होती, कुणाचं पोर आश्रमशाळेत होतं. एसटीच्या ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहून विचारलं, "अन् तुमचं कोन हाये जी तिकडं?"

मी म्हणालो, "वडील आहेत."

"मंग तं जाच लागन," तो म्हणाला, आणि सरकून मला पाण्याकडं तोंड करून बसायला जागा करून दिली.