मार्कलिस्टच्या मागचा शिक्का

माझी ताई लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवते. छताखालच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं, खालचे गजांचे भारे उचलायचे आणि अलगद ट्रकवर ठेवायचे. खालचे लोक तिला 'वरच्या बाई' म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे. आता अवघड माल आला की तिचीच वाट बघत थांबतात.

ताईला विमान चालवायला शिकायचंय. आई म्हणाली, "एवढी वर बसतेस, अजून कुठं जायचंय?"

"इथं रुळावरूनच पुढे-मागे जाता येतं," ताई म्हणाली. विषय संपला.

मला वाटायचं, चक्कर आली नाही की झालं. तसं नसतं. आधी डॉक्टर. डोळे, कान, छाती सगळं बघून त्यांनी पास केलं. मग राहण्याचा पुरावा. मग चांगल्या वागणुकीचा दाखला. त्याला पोलीस चौकीत तीन चकरा झाल्या, आणि तिसऱ्या चकरेला मी तिथल्या शिपायाशी भांडले. ताईनं मला दंडाला धरून बाहेर नेऊन उभं केलं.

शेवटी उरली बारावीची मार्कलिस्ट. विमान खात्याला मूळ कागद लागतो आणि त्याच्या मागे परीक्षा मंडळाचा तपासणीचा शिक्का. फाइल महिनाअखेरीच्या आत जमा झाली तरच फ्लाइंग क्लबच्या तुकडीत जागा. पुढची तुकडी वर्षानं. क्लब तीस पूर्ण झालेलं कुणी घेत नाही, आणि ताई एकोणतीसची.

मंडळाच्या खिडकीत चष्मेवाले काका होते. त्यांनी मार्कलिस्ट उलटी केली, नखानं टकटक वाजवली.

"हे प्लॅस्टिक कुणी चढवलं?"

मी. मी झेरॉक्सच्या दुकानात काम करते. शाळा सोडली त्या वर्षी लॅमिनेशनचं मशीन पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा ताईचे सगळे कागद मी सगळ्यात जाड प्लॅस्टिकमध्ये घातले. माझ्याकडे स्वतःचं घालण्यासारखं काही नव्हतंच.

"यावर शाई धरत नाही," काका म्हणाले. "नवी प्रत काढा."

प्लॅस्टिक सोलता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. सोललं की अक्षरंही निघून येतात.

नव्या प्रतीच्या फॉर्मवर कारणं तीनच. हरवली, जळाली, फाटली. प्लॅस्टिकचा पत्ताच नाही.

काकांनी आवाज खाली केला. "हरवली लिहा. सगळे तेच लिहितात."

मी पेनचं टोपण काढलंसुद्धा. ताईनं पेन काढून घेतलं. "हरवली कुठे? ही काय, हातात आहे."

"अगं ताई, कोण बघायला येतंय?"

"बारके, विमान खात्याच्या फॉर्मवर सही केलीय मी. खोटं सापडलं तर कायमची बंदी."

"मग काय जाळायची?"

ताईनं फॉर्मवरची तीन कारणं परत वाचली. मग काकांना म्हणाली, "फाटली असेल तर किती दिवस लागतात?"

"तुकडे जोडायचे अर्जाला. पंधरा-वीस दिवस, साहेबांना पटलं तर. नाही पटलं तर अर्ज परत, तुकडेही परत."

म्हणजे नवी मिळाली नाही तर जुनीही गेली.

हातानं ते काही फाटेना. ताईनं काकांच्या टेबलावरची कात्री मागितली.

"माझ्यासमोर नको, बाई," काका म्हणाले. कात्री खिडकीत ठेवली आणि पाणी प्यायला उठून गेले.

"मी कापते," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"कागद माझा आहे."

क्रेनवर बसते तसंच तोंड करून ताईनं मार्क आणि नाव शाबूत ठेवून कडेचा एक पट्टा कापला. 'फाटली'वर खूण केली. 'कशी?' या ओळीत लिहिलं, 'बहिणीने काळजीपोटी लॅमिनेट केली होती. शिक्का मारता येईना, म्हणून मी स्वतः कापली.'

काकांनी येऊन वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "एवढं खरं कुणी लिहितं का?"

"जागा कमी होती, नाहीतर अजून लिहिलं असतं," ताई म्हणाली.

त्यानंतर मी दुकानातून रोज मंडळात फोन लावला. तिकडचे लोक माझा आवाज ओळखायला लागले. ताई कामावर जात होती, जेवत होती, झोपत होती. घास उतरत नव्हता तो मला. एकोणिसाव्या दिवशी काकांनीच फोन केला. साहेबांनी काही विचारलं नव्हतं, नुसती सही करून टाकली होती.

नव्या कागदाच्या मागे शिक्का मारून काका म्हणाले, "ओला आहे, दुमडू नका." बसमध्ये ताई तो दोन्ही हातांनी कडेला धरून उभी राहिली. दांडा मी धरला आणि दुसऱ्या हातानं तिला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, विमान खात्याची खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं असताना फाइल आत गेली.

सोमवारपासून संध्याकाळी तिचे वर्ग आहेत. क्लबच्या पत्रात लिहिलंय की पहिले तीन महिने नुसता अभ्यास, विमानाला हात लावायचा नाही. ताईनं गोदामात सकाळची पाळी मागून घेतलीय.